हेरकथांच्या नव्या आवृत्त्या, जुन्या धाटणीची मुखपृष्ठं: आपलं 'जुनं' कोणतं?

ठसेवाला
मंडळी, नमस्कार. आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवरही मी आहे. या दोन्हींमुळे एक प्रश्न डोक्यात घोळतोय.

उन्हाळ्यात नागपूरहून तीन इंग्रजी हेरकथा आणल्या. पेंग्विननं २०२३ पासून जुन्या गुन्हेकथा-हेरकथा हिरव्या मुखपृष्ठात पुन्हा काढल्या आहेत, त्यातल्या. जॉन ल कारेची १९६१ ची पहिली कादंबरीही त्या मालिकेत आहे. हा हिरवा रंग आजचा नाही. १९३५ मध्ये पेंग्विन सुरू झालं तेव्हापासून कादंबरीला नारिंगी आणि गुन्हेकथेला हिरवा, अशी वाटणी होती. पुढे १९६१ मध्ये रोमेक मार्बर यांनी हिरव्या मालिकेसाठी एक चौकट आखली: वरच्या भागात आडव्या रेघा, त्यांच्यामध्ये पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव, खाली उरलेल्या जागेत मोठं चित्र. नव्या पुस्तकांवर त्याच मांडणीची सावली आहे.

ही पुस्तकं टेबलावर ठेवली तर आमच्या निवृत्त गुरुजींनी एक उचललं, पानं फडफडवून वास घेतला आणि म्हणाले, "कागद तं नवा आहे रे. मग याले जुने कपडे काहून घातले?"

मला उत्तर देता आलं नाही.

आता खरा मुद्दा. आमच्या वाचनालयात कपाटभर जुन्या मराठी रहस्यकथा आणि हेरकथा आहेत, आणि एकालाही मुखपृष्ठ नाही. बाइंडिंग करताना सगळी गेली. वर पुठ्ठा, पाठीवर कापड आणि नंबर. पोरं हात लावत नाहीत. कार्यकारिणीनं ठरवलं की दिवाळीपर्यंत त्यातल्या ३० पुस्तकांना नवी वेष्टनं करायची. काम अर्थात माझ्याकडे. मार्बरची चौकट घेतली तर कॉम्प्युटरवर दोन दिवसांत तीस होतील आणि दिसतीलही सुबक. पण आमच्या गावात १९६५ साली ती चौकट कोणी पाहिली होती? जुनं दाखवायचं तर कोणाचं जुनं दाखवायचं? मतं द्या, जरा सविस्तर द्या.

कॅप्टनचा_दोस्त
कॅप्टन दीप! गुरुनाथ नाईकांच्या कथांचा नायक! आत्ता शेतात आहे, रात्री लिहितो.

शकुंतला_पॅसेंजर
मी मूर्तिजापूरचा. आमच्यासाठी हेर हिंदीतच बोलत. स्टेशनच्या स्टॉलवर दोरीला टांगलेली हिंदी पॉकेट बुकं असत. मेरठ-दिल्लीकडची छपाई, करडा कागद, आणि वर झगझगीत रंगवलेलं मुखपृष्ठ: एक पिस्तूल, एक मोटार, एक बाई, मागे आग. आतल्या गोष्टीत मोटार असेलच याची खात्री नसे. यवतमाळकडे जाणारी शकुंतला गाडी इतकी सावकाश जायची की दारव्हा येईपर्यंत अर्धा खलनायक संपलेला असे.

त्यामुळे आमचं जुनं म्हणजे ते स्टॉलवरचं लाल-पिवळं. ते चित्रकार कोण होते, कोणालाच ठाऊक नाही. त्यांचं नाव आत छापलेलं मला आठवत नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

पऱ्हाटी
आमच्या इथं मुखपृष्ठ पाहून कोणी पुस्तक घेतच नोयतं भाऊ. मांगची पानं पुरी हायेत का, थे पाहून घेत. शेवटचं पान फाटेल असलं का खुनी कोन थे गावभर इचारत फिरा लागे. एकदा मले हे उत्तर पिठाच्या गिरणीत भेटलं.

ठसेवाला
@पऱ्हाटी, हाव! आणि आमच्या कपाटातल्या दोन पुस्तकांत पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहिलंय, "खुनी डॉक्टर आहे." ते पान मी मुद्दाम तसंच ठेवलंय.

रंगारी_हिंगणघाट
मूळ हिंगणघाटचा, आता पुण्यात मुखपृष्ठांचंच काम करतो. थोडं मोठं लिहितो.

जुन्या हेरकथांच्या पुनर्मुद्रणात आज जे 'साठचं दशक' म्हणून दाखवतात, ते त्या काळी मुळीच जुनं नव्हतं. १९६२ ची लेन डेटन यांची 'द इप्क्रेस फाइल' घ्या. मुखपृष्ठ रेमंड हॉकी यांचं. पांढरी कोरी जागा, एक रिव्हॉल्वर, कॉफीचा कप, सिगारेटचं थोटूक, पेपरक्लिपा. बस्स. तेव्हा रंगवलेल्या मारामारीच्या चित्रांची सवय असलेल्या दुकानात हे फोटोचं मुखपृष्ठ एकदम वेगळं दिसलं असणार. आणि ते कथेतून आलेलं होतं. तो हेर ऑफिसात बसतो, त्याला हिशेब द्यावे लागतात, त्याची कॉफी थंड होते. डेटन स्वतः चित्रकार, हॉकी त्यांचे रॉयल कॉलेज ऑफ आर्टपासूनचे मित्र. दोघांनाही काय टाळायचंय ते पक्कं माहीत होतं.

हॉकी यांनीच १९६३ मध्ये इयान फ्लेमिंगच्या जेम्स बाँड कादंबरीच्या, 'थंडरबॉल' च्या, पॅन प्रकाशनाच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठाला गोळीची दोन भोकं पाडली, छापलेली नव्हे, खरोखर कापलेली. बोट घालून बघता येत. दुसऱ्या टोकाला रिचर्ड चॉपिंग. फुलं, किडे, निसर्ग रंगवणारा माणूस. १९५७ पासून त्यांनी बाँडच्या पहिल्या आवृत्त्यांची मुखपृष्ठं केली, इतकी हुबेहूब की चित्रातली वस्तू उचलाविशी वाटावी. पहिल्या मुखपृष्ठावर गुलाब आणि रिव्हॉल्वर आहे. ते रिव्हॉल्वर जेफ्री बूथरॉइड नावाच्या ग्लासगोच्या शस्त्रजाणकाराचं, चित्रासाठी उसनं दिलेलं. बाँडची बंदूक चुकीची आहे असं फ्लेमिंगना पत्रानं कळवणारा वाचक तो हाच.

म्हणून माझं मत सरळ आहे: जुन्याची नक्कल करू नका. त्या लोकांनी नवं केलं म्हणून ते आज आठवतं. तुम्हीही नवं करा.

शकुंतला_पॅसेंजर
@रंगारी, माहिती फार आवडली, पण निष्कर्ष पटला नाही. पुण्यात रोज नवं दिसतं. आमच्या गावात जुनं उरलेलंच नाही, मग नक्कल कशाची होणार? ज्याचं मुखपृष्ठच बाइंडरनं फेकून दिलं त्याला आधी चेहरा तर द्या.

मोहफूल
+१ पॅसेंजर.

खिळे_जुळारी
अमरावतीला ३४ वर्षं छापखान्यात काढली. आधी खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवले, मग ब्लॉक, मग ऑफसेट. बाइंडरला शिव्या देण्याआधी त्याची बाजू ऐका. पातळ मुखपृष्ठाचं पुस्तक वाचनालयात सहा महिने टिकत नाही. खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद, कडा कापायच्या, पुठ्ठा चढवायचा. मुखपृष्ठ आत ठेवा असं कोणी सांगितलं तर आम्ही ठेवत असू. पण सांगायचंच कोणी नाही. एका वाचनालयाचं काम करताना मी पंधरा-वीस मुखपृष्ठं कात्रीनं कापून पुठ्ठ्यावर चिकटवून दिली होती. तिथल्या माणसानं ती ओलं फडकं लावून काढून टाकली. का, तर कपाटात सगळी सारखी दिसावीत म्हणून. मी त्या दिवशी जेवलो नाही.

आता ठसेवाले, तुमच्या कामाचं सांगतो. जुनं मुखपृष्ठ जुनं दिसतं ते डागांमुळे नव्हे, छपाईमुळे. ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, एकेक रंग वेगळा चढायचा. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळा. जितके रंग तितका खर्च, म्हणून स्वस्त पुस्तकाला दोन किंवा तीनच. ब्लॉकची जाळी, म्हणजे चित्राचे ठिपके, जाड, इंचाला ६५ ते ८५ रेषा. आज १५० च्या वर असते. कागद खरबरीत असला की बारीक जाळी भरून जाते, म्हणून जाड. रजिस्टर, म्हणजे रंगावर रंगाची जुळणी, केसभर हललं की ओठांची लाली हनुवटीवर. आम्ही ती चूक समजून ओरडा खायचो आणि आता पोरं तीच चूक कॉम्प्युटरवर मुद्दाम करतात.

एवढंच सांगतो: सुरकुत्या छापू नका, पिवळेपणा छापू नका. लगद्यातल्या लिग्निनमुळे कागद आपोआप पिवळा पडतो, त्याला त्याची वर्षं लागू द्या. रंग कमी ठेवा, कागद बिनचकाकीचा घ्या, अक्षर हातानं काढा. बाकी आपोआप होईल.

कवडसा
वणीजवळची. हा धागा दोन दिवस वाचतेय, पण एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते.

त्या मुखपृष्ठांवरची बाई. पॅसेंजरदादांनी यादीत सहज लिहिलं, पिस्तूल, मोटार, बाई. ती यादीतलीच वस्तू होती. मी नववीत असताना मामाच्या घरून हेरकथा आणून वाचायची. मला गोष्ट हवी होती, सीमेपलीकडचा तळ, गुप्त लिपी, बर्फ. पण ते मुखपृष्ठ घेऊन मी अंगणात बसू शकत नव्हते. मग शाळेच्या वह्यांना घालतात तो खाकी कागद घातला, वर लेबल लावलं, 'सामान्य विज्ञान'. आईला वाटे मुलगी फार अभ्यासू आहे. माझा भाऊ तेच पुस्तक ओट्यावर पाय पसरून वाचायचा.

२००८ मध्ये फ्लेमिंगच्या जन्मशताब्दीला पेंग्विननं बाँडचा पूर्ण संच काढला, मायकेल जिलेट यांच्या चित्रांचा. सुंदर चित्रं आहेत, पण विषय पुन्हा त्याच बायका. जुनं परत आणताना सगळंच परत आणायचं का? ठसेवालेदादा, तुमच्या वाचनालयात नववीतली मुलगी येत असेल. तिला खाकी कागद लागू नये एवढं बघा.

ठसेवाला
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लिहून ठेवलं. येतात मुली, संध्याकाळी पाच ते सहा, आणि त्या कपाटाकडे कोणी जात नाही. मी समजत होतो की त्यांना आवडत नाहीत.

कॅप्टनचा_दोस्त
आलो. ताईंचं बरोबर आहे. पण सगळ्यांना एका मापानं मोजू नका. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाड या नायकांच्या पुस्तकांवर रघुवीर मुळगावकरांची चित्रं असत. घराघरांत देवादिकांची कॅलेंडरं लागलेली असत, तीही त्यांचीच. तोच हात. त्यांच्या बाईच्या डोळ्यांत भीती असेल, पण ती माणूस दिसते. मुळगावकर १९७६ मध्ये गेले, दुसरे मोठे मुखपृष्ठकार दीनानाथ दलाल त्याआधी १९७१ मध्ये. नंतरच्या स्वस्त मुखपृष्ठांत ती गोष्ट राहिली नाही, असं मला वाटतं.

मोहफूल
अवांतर: अर्नाळकर म्हणजे रहस्यकथा. हेरकथा वेगळी. हेर सरकारसाठी काम करतो, काळापहाड कोणासाठीच नाही.

कॅप्टनचा_दोस्त
@मोहफूल, मान्य. पण गावच्या कपाटात दोन्ही एकाच फळीवर असत, आणि पेंग्विनच्या हिरव्या रंगातही आता दोन्ही एकत्रच आहेत. तीस पुस्तकांत दोन्ही येऊ द्या की.

वकीलपाडा
एक सावधगिरी. वाचनालयाच्या स्वतःच्या प्रतींना नवं वेष्टन घालायला हरकत नाही. पण जुनं चित्र स्कॅन करून छापायचं मनात असेल तर थांबा. आपल्याकडे चित्राचं स्वामित्व चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतं. मुळगावकरांची चित्रं २०३६ संपेपर्यंत वारसांच्या हक्काची. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, त्यांचा मजकूर २०५६ पर्यंत. धाटणीवर मात्र कोणाचा हक्क नसतो. त्या वळणाचं नवं चित्र खुशाल काढा.

वडश्याचा_गडी
आमी झाडीपट्टीवाले जी. तुमी सारे लंडन-पुण्याच्या गोष्टी करून राहिले, जरा इकडं या. दिवाळी झाली का मंडई सुरू, आन् मंडई म्हंजे रातभर नाटक. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, चारी जिल्ह्यांत. वडश्याच्या नाटक कंपन्यांचे पोस्टर पाहा एकदा. नाव तिरपं, अक्षराले जाड सावली, मांगून उजेड फुटेल, खलनायकाच्या भुवया हातभर. हेच तं तुमचं मुखपृष्ठ हाये. तुमी ज्याले जुनं म्हनता थे आमच्याकडं दर साली नवीन लागते.

रंगारी_हिंगणघाट
@वडश्याचा_गडी, भाऊ, तुम्ही मला गप्प केलंत. मी 'नवं करा' म्हणत होतो तेव्हा डोळ्यांसमोर पुण्यातलंच नवं होतं. मी लहानपणी मामाकडे आरमोरीला मंडईत गेलोय, ते पोस्टर मला आठवतात. त्या तिरप्या नावाबद्दल एक नोंद: देवनागरीला शिरोरेघ असल्यामुळे नाव तिरपं केलं की आपोआप एक धावती रेषा मिळते. रोमन अक्षरांना ही सोय नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं वर्षानुवर्षं अशी काढली की नाव वाचूनच नाटक विनोदी की गंभीर ते कळे. आणि चित्राशिवायही काम होतं. १९६३ ची ल कारेची गाजलेली कादंबरी गोलान्झ या प्रकाशकांनी त्यांच्या नेहमीच्या पिवळ्या वेष्टनात काढली, वर फक्त अक्षरं.

मार्बरकडूनही एकच गोष्ट घ्या. चौकट एक, चित्र वेगळं. तीसही पुस्तकं एका घरची दिसतात आणि खर्च वाचतो.

पऱ्हाटी
आता तुमच्या गावात पेंटर हाये का थे सांगा ठसेवाले. का फ्लेक्सनं संपोला त्याले?

ठसेवाला
@पऱ्हाटी, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. आहेत. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची वाक्यं, तालुक्याच्या टॉकीजचे पडदे रंगवलेले आहेत त्यांनी. माझ्या दुकानानंतर त्यांचं काम कमी झालं, हे मला माहीत आहे. आता तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल रंगवतात. पोळा झाल्यावर त्यांच्याकडे गेलो. हिरवं पुस्तक दाखवलं. त्यांनी ते लांब धरून पाहिलं, म्हणाले, "रेघ चांगली आहे. पण हेराच्या पुस्तकावर हेर कुठं आहे?"

मी तीन नमुने करून बाजाराच्या दिवशी वाचनालयात मांडले. एक मार्बरच्या चौकटीचा, एक पॅसेंजरदादांच्या स्टॉलवरचा, एक पेंटरकाकांनी हातानं काढलेला. पोरांनी पहिला उचलला, खरं सांगतो. फोनवर तसंच दिसतं म्हणाले. मोठ्यांनी तिसरा. पण खरी गंमत वेगळीच झाली. तिसरा पाहून लोक आठवू लागले. कोणी म्हणे काळापहाडाचा बुरखा काळा होता, कोणी म्हणे निळा. दोन म्हातारे त्यावरून चांगलेच भांडले. गुरुजींनी डोळे मिटून एका पुस्तकाचं मुखपृष्ठ सांगितलं: खाली रेल्वेचे रूळ, वर हिरवट आकाश, कोपऱ्यात कंदील. साठ वर्षांपूर्वीचं. पेंटरकाका ऐकता ऐकता वर्तमानपत्राच्या कडेला ते काढत होते.

तर कार्यकारिणीला मी हे सांगणार आहे: ज्यांनी ही पुस्तकं कोरी असताना वाचली त्यांना विचारायचं, आठवेल तसं काढायचं. चूक आठवलं असेल तर चूक. तीसही पुस्तकांना मांडणी एकच, वरच्या पट्टीत नाव आणि लेखक. जुळारीकाका, रंगांचं काय करू? माझ्या मशीनवर सगळं गुळगुळीत येतं.

खिळे_जुळारी
मशीन सोडा. तालुक्यात लग्नपत्रिका छापणारा स्क्रीन प्रिंटिंगवाला असेलच. तुळशीचं लग्न होईपर्यंत त्याला काम नसतं. दोनच स्क्रीन करून घ्या, पिवळ्याची आणि लालची, तीसही वेष्टनांना त्याच. पट्टी लाल, मागची जमीन पिवळी. शाई गडद बसते, बोटाला लागते तशी. काळा रंग पेंटरनं प्रत्येकावर हातानं भरायचा. तीस पुस्तकं, तीस चित्रं. आणि आत शेवटच्या पानावर त्याचं नाव लिहा. पॅसेंजरभाऊ म्हणाले ते माझ्या मनाला लागलंय.

शकुंतला_पॅसेंजर
धन्यवाद काका.

वडश्याचा_गडी
भुवया जाड ठेवा म्हना पेंटरले जी.

ठसेवाला
ठरलं. बारा पुस्तकांची वर्णनं मिळाली आहेत. अठरा राहिली. कोणाकडे जुनी प्रत मुखपृष्ठासकट असेल तर फोटो पाठवा, छापायला नको, फक्त पेंटरकाकांना रंग कसे होते ते बघायचं आहे. मूळ रंग कोणालाच नीट सांगता येत नाहीयेत. सगळे नुसतं "झगझगीत" म्हणतात.

कवडसा
काल माहेरी गेले होते. तुमचा निरोप वाचून माळ्यावरची पेटी काढली. 'सामान्य विज्ञान' तिथंच आहे, दोन भाग.

खाकी कागद काढताना हात थरथरत होता, आई समोर बसली होती. ऊन लागलं नाही, हात लागला नाही, त्यामुळे रंग जसेच्या तसे आहेत. एकावर जमीन पिवळीधमक, नाव लाल, तिरपं. आणि बाई आहे, पण साडीतली, कानाला हेडफोन लावून बिनतारी यंत्रासमोर बसलेली. मी हे का झाकलं होतं? दुसऱ्या पुस्तकावर मात्र तीच, यादीतली. तेव्हा मी बघितलंच नसेल, सरसकट दोन्ही झाकली.

आईनं हेडफोनवाली बराच वेळ पाहिली, म्हणाली, "ही कोण गं? पोस्टातली का?"

जुळारीकाका, लाल रंग केसभर उजवीकडे सरकलाय. ठसेवालेदादा, फोटोत रंग बरोबर येत नाहीत. रविवारी भाऊ वर्ध्याला येणार आहे, त्याच्या हाती पुस्तकच देते. पेंटरकाकांना म्हणावं, हेडफोनवाली आधी बघा.